एम-वन राहिला, आता इंजिनिअरिंग सोडू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी केज तालुक्यातला, बीड जिल्हा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावी-बारावी लातूरला केली, तिथं कॉलेज नावालाच होतं, सगळं शिकणं क्लासला. सीईटीला 93 पर्सेंटाइल पडले आणि कॅप राउंडमधून पुण्यात मेकॅनिकलला नंबर लागला, घरी पेढे वाटले. आता पहिल्या सेमचा रिझल्ट लागला आणि एम-वन (म्हणजे पहिल्या सेमचं गणित) आणि बेसिक इलेक्ट्रिकल दोन्ही राहिले. बाकी विषय निघाले, वर्कशॉपला तर फिटिंगच्या जॉबला 10 पैकी 9 आहेत. वर्गात सर इंग्लिशमधून पटापट बोलत जातात, अर्धं डोक्यावरून जातं, विचारायची लाज वाटते. रूममधली पोरं चांगली आहेत पण सगळे सीबीएसईचे, आपसात हिंदी-इंग्लिश बोलतात. घरी अजून सांगितलं नाही. 3 एकर कोरडवाहू आहे, वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलंय. गावाकडचा मित्र म्हणतो अंबाजोगाईला बीएस्सीला ये, इथं काय ठेवलंय. मला पण वाटतं माझी लायकीच नव्हती. नाहीतर रात्री डिलिव्हरीचं काम धरावं म्हणतो, निदान खर्चाचा भार तरी कमी होईल. एम-वनच्या पेपरची फोटोकॉपी मागवली होती, त्यातली दोन पानं जोडलीत. काय करू?

उत्तर : मी आधी तुझी ती दोन पानं वाचली आणि पत्र नंतर, 26 वर्षं गणित शिकवल्यामुळे तशी सवयच लागलीये. आणि बरं झालं पानं पाठवलीस, कारण नुसतं पत्र वाचून मला वाटलं असतं की ह्या मुलाला गणित येत नाही. पानं वाचून तसं अजिबात वाटत नाही.

ते दुसऱ्या पानावरचं गणित काढ. यू बरोबर टॅन इन्व्हर्स, कंसात एक्सचा घन अधिक वायचा घन, भागिले एक्स वजा वाय. दाखवायचं काय, तर एक्स गुणिले यूचं एक्सच्या संदर्भात पार्शल डेरिव्हेटिव्ह अधिक वाय गुणिले यूचं वायच्या संदर्भात पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणजे साइन टू-यू. तू पहिल्याच ओळीत ऑयलरचं प्रमेय काढलंस, म्हणजे कुठलं हत्यार लागणार ते तुला बरोबर कळलं. डिग्री 2 काढलीस, तीही बरोबर. मग सरळ यूलाच प्रमेय लावून उत्तर टू-यू लिहिलंस, आणि नंतर प्रश्नात साइन टू-यू दिसलं तेव्हा शेवटच्या ओळीत टू-यूच्या आधी बारीक अक्षरात 'साइन' घुसवलास, तिथं पेन दोनदा फिरल्याचं फोटोकॉपीत पण दिसतंय. परीक्षकाने 5 पैकी 1 दिला.

चूक एकच आहे. होमोजिनियस आहे ती कंसातली राशी, आणि ती राशी म्हणजे टॅन यू, यू नव्हे. म्हणून प्रमेय टॅन यूला लावायचं, उजवीकडे येतो टू टॅन यू, डावीकडे डेरिव्हेटिव्ह घेताना सेक स्क्वेअर यू बाहेर पडतो, त्याने भागलं की टू साइन यू कॉस यू, म्हणजेच साइन टू-यू. चार ओळी. आत्ता वही घे आणि करून बघ, पुढचं मग वाच. ज्याची लायकी नसते तो मुलगा ऑयलरपर्यंत पोचतच नाही रे, तो सगळं कोरं सोडतो किंवा दीड पान डेरिव्हेटिव्ह काढत बसतो. तू दारापर्यंत जाऊन थांबलायस.

आता तू का थांबलास ते सांगते, कारण लातूर, नांदेड, संभाजीनगर कुठूनही आलेल्या मुलांच्या पेपरात मी हेच बघत आलेय. सीईटीला गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एकाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, चार पर्याय समोर, निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे पर्याय टाकून बघायचा, एक्सला किंमत देऊन बघायची, शॉर्टकट लावायचा आणि पुढे पळायचं हेच शहाणपण आहे, आणि दोन वर्षं क्लासने तुझ्याकडून तेच घोटून घेतलं, चांगलं घोटून घेतलं म्हणूनच 93 पडले. पण त्या दोन वर्षांत तू कागदावर एक गणित पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, 'म्हणून', 'यावरून' लिहीत किती वेळा सोडवलंस? मला वाटतं बोटावर मोजण्याइतकं. एम-वनला उत्तर बहुतेक वेळा प्रश्नातच दिलेलं असतं आणि मार्क मधल्या रस्त्याचे असतात. ही वेगळी सवय आहे, ती तुला कोणी लावलीच नाही, आणि ती वयाच्या अठराव्या वर्षी आरामात लागते, मी लागताना बघितलीये.

दुसरी गोष्ट भाषेची. तू लिहिलंयस इंग्लिश डोक्यावरून जातं, पण तुझ्या पानांवरून मला वाटतं की सगळं इंग्लिश अडत नाहीये, प्रश्नपत्रिकेतले ठराविक शब्द अडतायत. पहिल्या पानावर 'स्टेट' विचारलंय तिथं तू अख्खं प्रूफ लिहून वेळ घालवलास, आणि 'हेन्स फाइंड' विचारलंय तिथं आधीच्या भागाचं उत्तर न वापरता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. मागच्या पाच-सहा प्रश्नपत्रिका काढ आणि त्यातली फक्त क्रियापदं एका पानावर लिहून काढ, स्टेट, प्रूव्ह, शो दॅट, हेन्स, डिड्यूस, व्हेरिफाय, इव्हॅल्युएट, जस्टिफाय, आणि प्रत्येकापुढे मराठीत लिही की इथे नक्की काय मागितलंय. पंचवीस-तीसच्या वर शब्द निघणार नाहीत. ते पान टेबलासमोर चिकटव.

आणि मराठीतून समजून घ्यायला लाजू नकोस. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, 2021 मध्ये मराठीसकट भारतीय भाषांमधून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटरची मराठी तुकडी सुरू झाली, आणि त्या निमित्ताने पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत आली. ती एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर फुकट मिळतात. धडा आधी मराठीत वाच, मग तोच इंग्लिश पुस्तकात वाच, आणि लिहायचं मात्र इंग्लिशमधूनच, कारण पेपर इंग्लिशमध्ये आहे. शंका विचारताना पण सरांना तास संपल्यावर गाठ आणि सरळ मराठीत विचार. पुण्यातल्या कॉलेजात शिकवणारे कितीतरी जण तुझ्यासारखेच सातारा-सोलापूर-परभणीहून आलेले आहेत. वर्गात सगळ्यांसमोर विचारायचा धीर नसेल तर नको विचारूस, पण स्टाफरूमच्या दाराशी उभं राहायला काय हरकत आहे, आम्हाला आवडतं मुलं आलेली.

बॅकलॉगच्या, म्हणजे राहिलेल्या विषयांच्या परीक्षेपर्यंत रोज दोन गणितं, फक्त दोनच, पण पूर्ण, मागच्या पेपरातली, पुस्तक मिटून. लिहून झाल्यावर ती तुझ्या त्या सीबीएसईच्या रूममेटला वाचायला दे आणि म्हण, मला न विचारता तुला कुठली ओळ कळली नाही ते सांग. त्याने तुझी स्टेप पण सुधारेल आणि त्या पोरांशी बोलणंही सुरू होईल, मला वाटतं तुला त्या बोलण्याची पण तेवढीच गरज आहे. इलेक्ट्रिकलचं मी फार सांगत नाही, तिथे डीसी सर्किटची गणितं आणि ट्रान्सफॉर्मर एवढं पक्कं केलं तरी पास व्हायला बराच आधार मिळतो, सीनियरकडून वही घे.

दोन केटीने, म्हणजे दोन विषय राहिल्याने, आयुष्य संपत नाही. किती विषय राहिले तर सेकंड इयरला बसता येतं हा नियम विद्यापीठागणिक वेगळा आहे आणि ऑटोनॉमस कॉलेज असेल तर कॉलेजचा स्वतःचा असतो, त्यामुळे कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास ठेवू नकोस, परीक्षा विभागात जाऊन नोटीस वाच आणि फोटो काढून ठेव. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या 'लाइव्ह बॅकलॉग नको' म्हणतात, म्हणजे त्या वेळी विषय अडकलेला नको. तुझ्याकडे त्याला अजून अडीच वर्षं आहेत.

आता बीएस्सीचं. बीएस्सी वाईट नाही, ज्याला फिजिक्स किंवा केमिस्ट्री मनापासून आवडतं, पुढे एमएस्सी करायचंय, शिकवायचंय त्याने जरूर जावं. पण तू पत्रात बीएस्सीबद्दल जे लिहिलंयस त्यात कुठल्याच विषयाचं नाव नाही, फक्त अंबाजोगाईचं नाव आहे. म्हणजे तुला बीएस्सी नकोय, तुला घर हवंय. ती ओढ खरी आहे, मी तिला कमी लेखत नाही, पण त्याच्यावर इलाज म्हणजे दिवाळीच्या आधी एकदा मध्येच घरी जाऊन येणं, त्याच्यासाठी ब्रँच बदलायची नसते. आणि त्या 9 मार्कांचा उल्लेख तू सहज केलास पण मला तो फार मोठा वाटतो. फिटिंगमध्ये फाइलने घासून घासून दोन तुकडे असे बसवायचे की ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावल्यावर उजेड दिसता कामा नये, तिथे भल्याभल्यांचे हात दुखतात आणि जॉब वाया जातो. तुझा हात मेकॅनिकलचा आहे. एम-वन निघाल्यावर, पुढच्या वर्षी मशीन, थर्मो, मटेरियल असे खरे विषय सुरू झाल्यावर सुद्धा जर मन लागलं नाही तर मला पुन्हा लिही, तेव्हा आपण बदलायचा विचार नीट करू. कॉलेज बदलायचं झालं तर पहिल्या वर्षाची क्रेडिट्स क्रेडिट बँकेत जमा असली तरी नवीन कॉलेज त्यातली किती धरणार हे लेखी विचारून घ्यावं लागतं, तोंडी होकारावर जाऊ नकोस.

पैशाचं. रात्रीचं डिलिव्हरीचं काम आत्ता नको, बॅकलॉग निघेपर्यंत तरी नको. बारा वाजेपर्यंत गाडीवर राहून सकाळी आठच्या लेक्चरला बसणारी मुलं मी बघितलीत, आधी अटेंडन्स जातो मग बाकी सगळं. त्यापेक्षा कॉलेजात 'कमवा आणि शिका' आहे का विचार, लायब्ररीत, लॅबमध्ये, ऑफिसात दिवसाला दोन-तीन तास काम असतं, पैसे थोडे मिळतात पण मेसच्या बिलाला हातभार लागतो आणि वेळापत्रक कॉलेजचं असतं. ह्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं ते ह्याच तत्त्वावर, आणि त्यातून शेतकऱ्यांच्या मुलांच्या पिढ्या शिकल्या. महाडीबीटी ह्या राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर फीसाठी राजर्षी शाहू महाराज योजना आणि राहण्या-जेवणासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, तुझ्या प्रवर्गाला कुठली लागू होते ते कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलवर विचार, आणि रिन्यूअलचा अर्ज दर वर्षी भरावा लागतो हे विसरू नकोस. कॉट बेसिसवर खूप भाडं जात असेल तर विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात चौकशी कर, 1955 पासून ते पुण्यात खेड्यातल्या गरजू मुलांसाठीच काम करतायत.

आणि घरी सांग. हे मी शेवटी लिहितेय पण करायचं सगळ्यात आधी आहे, ह्याच रविवारी. फोनवर 'नापास झालो' एवढंच सांगून ठेवून देऊ नकोस, वडिलांना सांग की पाच विषय निघाले, दोन राहिले, परीक्षा अमुक महिन्यात आहे, त्यासाठी मी रोज हे हे करतोय. ज्या माणसाने कोरडवाहूत इतकी वर्षं पेरणी केलीये त्याला एक पीक हातचं गेल्यावर पुढची तयारी कशी करायची हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. रागावले तर रागावू दे थोडं.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी नागपूरला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. दोन महिने झाले, रोज रात्री फोन करून रडते, म्हणते मला घेऊन जा. तिचे बाबा म्हणतात दुर्लक्ष कर, सवय होईल. मी काय करावं?

उत्तर : ताई, दुर्लक्ष नका करू आणि लगेच गाडी करून आणायलाही जाऊ नका. आधी रडण्यामागे नेमकं काय आहे ते शोधा, आणि ते रात्रीच्या फोनवर कळत नाही, रात्री सगळंच जड वाटतं. एखाद्या शनिवारी सकाळी स्वतः जा, तिला बाहेर जेवायला न्या, आणि 'कसं चाललंय' असं न विचारता साधं साधं विचारा, सकाळी नाश्त्याला काय असतं, जेवायला कोणाबरोबर बसतेस, रात्री किती वाजता झोप लागते, आंघोळीला नंबर कधी येतो. जेवायला कोणाचं तरी नाव आलं की माझा जीव निम्मा भांड्यात पडतो, कारण एक मैत्रीण झाली की बाकीचं हळूहळू बसतं. नाव आलंच नाही तर वॉर्डन मॅडमना भेटून रूम बदलून मिळते का बघा, तुमच्याच भागातली एखादी मुलगी सीनियरमध्ये असेल तर तिची गाठ घालून द्या.

पण ती सीनियर मुलींचं नाव निघालं की गप्प होत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. रॅगिंग हा महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याने गुन्हा आहे, 1800-180-5522 ही त्याची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा, प्राचार्यांकडे लेखी द्या, तोंडी नको. आणि जेवण तुटलंय, झोप नाही, 'मी नसते तर बरं' असलं काही ती बोलली तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटी ठेवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलतात, तुम्ही स्वतः आई म्हणून फोन केलात तरी चालतं. तिच्या बाबांना हे वाचून दाखवा. सवय बहुतेक मुलींना होते हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण आपली लेक त्या बहुतेकांत आहे की नाही हे बघितल्याशिवाय कसं कळणार?

प्रश्न : मुलाला दहावीला 84 टक्के. मी सांगली जिल्ह्यात राहतो. माझं म्हणणं अकरावी सायन्स करून चांगला क्लास लावावा, त्याला डिप्लोमा करायचाय इलेक्ट्रिकलला. सुट्टीत तो गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दिवसभर बसून असतो. डिप्लोमा म्हणजे मागे पडल्यासारखं होणार नाही ना?

उत्तर : नाही होणार दादा. डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटी द्यावी लागत नाही. अकरावी-बारावी करून गेला तरी डिग्रीला सहा वर्षं, डिप्लोमा करून गेला तरी सहाच. फरक एवढा की डिप्लोमा झाल्यावर मध्येच नोकरी धरायची वेळ आली तर हातात एक पूर्ण शिक्षण असतं, बारावीनंतर तसं नसतं. सरकारी पॉलिटेक्निकला नंबर लागला तर दोन वर्षांच्या क्लासच्या फीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होईल.

दोन गोष्टी मात्र आत्ताच समजून घ्या. एक म्हणजे डॉक्टरकीचं दार ह्या वाटेने बंद होतं, नीटला बारावी सायन्स लागते, तेव्हा त्याच्या मनात तसं थोडंसुद्धा नाही ना हे एकदा शांतपणे विचारा. दुसरं, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या पुढे असतात आणि एम-थ्रीला अडतात, कारण एम-वन, एम-टू त्यांनी केलेलंच नसतं. वरच्या केजच्या मुलाची अडचण आणि ह्यांची अडचण शेवटी एकाच टेबलावर येऊन बसते. त्यावर उपाय आहे, डिप्लोमाचा शेवटचा पेपर झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं गणित करून टाकायचं.

पण हे सगळं ठरवण्याआधी तुम्ही एकदा त्याच्याबरोबर त्या रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसा, तासभर तरी. तो नुसता गप्पा मारत बसतो, की जळालेल्या कॉइलचे वेढे मोजून वहीत लिहून ठेवतो, हे बघा आणि मला कळवा.